नेम जीवाणूच्या विकरावर : प्रस्तावना

जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या नियतकालिकांत गेली काही वर्षे आपल्या शहराचा पत्ता वारंवार छापून येतो : वोक्हार्ट रिसर्च सेंटर, चिकलठाणा, औरंगाबाद. निबंध स्पेनच्या मायोर्का बेटावरून आलेला असो की अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधून, सहलेखकांत महेश पटेल, सचिन भागवत ही नावे दिसतात आणि त्यांच्याखाली हा पत्ता. शहर आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे, जुन्या निबंधांवरचा पत्ता मात्र तसाच राहणार. जालना रोडने विमानतळाकडे जाताना जी औद्योगिक वसाहत लागते, तिथल्या एका प्रयोगशाळेत पंचवीसहून अधिक वर्षे प्रतिजैविकांचा शोध चालू आहे. जगातल्या मोठमोठ्या औषध कंपन्यांनी ज्या कामातून अंग काढून घेतले ते काम इथे टिकून राहिले, हे इथल्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसते. मला त्याची खंत वाटते, आणि हा लेखसंग्रह संपादित करायला घेण्यामागे ती खंत होतीच.

संग्रहाचा विषय मात्र एखादी कंपनी किंवा एखादे औषध नाही. त्या औषधांमागची विद्या हा विषय आहे. जीवाणूच्या प्रथिनांची रचना अणू-अणूने पाहायची, त्यातले एखादे विकर हेरायचे आणि तेवढेच बंद पाडेल असा रेणू घडवायचा, अशी ही विद्या.

जीवाणूचे जगणे हे त्याच्या विकरांचे अखंड काम असते. भिंत बांधायची, डीएनएचे पीळ उलगडायचे, फोलेट तयार करायचे, मेदाम्लांच्या साखळ्या वाढवायच्या, प्रत्येक कामाला वेगळे विकर. विकर, म्हणजे एन्झाइम, हे बहुतेक वेळा एक प्रथिन असते. अमिनो आम्लांची लांब साखळी स्वतःभोवती गुंडाळून ठरावीक आकार घेते आणि त्या आकारात एक खोबण तयार होते. रासायनिक क्रिया या खोबणीत घडते. तिथे एखादा परका रेणू घट्ट जाऊन बसला की काम थांबते. अशा रेणूला रोधक म्हणतात. इथवर सोपे आहे. खरी अडचण अशी की आपल्या शरीरातही हजारो विकरे आहेत आणि त्यांतली कित्येक जीवाणूंच्या विकरांची दूरची भावंडे आहेत. जीवाणूचे विकर अडवणारा रेणू माणसाचेही अडवू लागला तर त्याला औषध म्हणता येणार नाही. म्हणून या सगळ्या शास्त्राचा प्राण निवडकपणात आहे. हा निवडकपणा कुठून येतो, किती टिकतो आणि त्याची किंमत काय, हेच या संग्रहातले सगळे लेखक आपापल्या परीने शोधत आहेत.

हे आत्ताच का लिहायचे? मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात जा आणि कल्चरचा रिपोर्ट पाहा. डावीकडे औषधांची नावे, उजवीकडे एकेक अक्षर. ‘एस’ म्हणजे जीवाणू त्या औषधाला दाद देतो, ‘आर’ म्हणजे देत नाही. क्लेब्सिएला किंवा असिनेटोबॅक्टर असेल तर बऱ्याचदा वरपासून खालपर्यंत ‘आर’ची रांग असते आणि तळाशी कोलिस्टिन उरते. मूत्रपिंडाला त्रास देणारे म्हणून एकेकाळी बाजूला ठेवलेले हे औषध डॉक्टरांना पुन्हा हाती घ्यावे लागले, कारण दुसरे काही उरले नव्हते. भाजलेला रुग्ण, मधुमेहाने पाय चिघळलेला शेतकरी, दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ, ही त्या रिपोर्टमागची माणसे. २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधप्रतिरोधामुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रात हा धक्का आधीच बसला होता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० च्या मार्चमध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. कार्बापेनेम या शेवटच्या फळीतल्या औषधांना दाद न देणारे २४ जीवाणू त्यांनी तपासले होते. त्यांतल्या २२ जणांकडे एनडीएम-१ हे विकर निघाले. हे विकर पेनिसिलिनच्या कुळातल्या जवळजवळ सगळ्या औषधांचे चौकोनी वलय फोडून टाकते. नावात (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) दिल्ली आल्यामुळे पुढे बरेच राजकारण झाले, वाद झाले. त्या गदारोळात मूळ मुद्दा मागे पडला. हे विकर बंद पाडणारे औषध तेव्हा कोणाकडेच नव्हते.

या शास्त्राचा इतिहास सांगताना साधारणपणे १९२८ आणि पेनिसिलिनपासून सुरुवात करतात. मला तो रस्ता थोडा फसवा वाटतो. फ्लेमिंगला पेनिसिलिन काय करते ते दिसले, पण कशावर करते ते ठाऊक नव्हते. जीवाणूच्या विकरावर नेम धरण्याची कल्पना पहिल्यांदा स्पष्ट झाली ती सल्फा औषधांमुळे. डोमाकचे प्रॉन्टोसिल १९३५ मध्ये जगापुढे आले आणि १९४० मध्ये इंग्लंडच्या डोनाल्ड वुड्सने दाखवून दिले की सल्फाचा रेणू पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्लासारखा दिसतो. फोलेट बनवणारे विकर त्याला कच्चा माल समजून खोबणीत घेते आणि अडकून बसते. माणूस फोलेट अन्नातून मिळवतो, त्याच्याकडे हे विकरच नाही. निवडकपणाचा सर्वांत सुरक्षित प्रकार तो हाच : शत्रूकडे आहे आणि आपल्याकडे नाही. जीवाणूची भिंतही याच प्रकारातली. तिच्यातले पेप्टिडोग्लायकन माणसाच्या पेशीत कुठेच नसते.

रचना पाहण्याची विद्या याच्या समांतर वाढत होती. डोरोथी हॉजकिनने युद्धकाळात क्ष-किरणांनी पेनिसिलिनच्या स्फटिकाची रचना उलगडली. त्यातले ताणलेले चौकोनी बीटा-लॅक्टम वलय, ज्यावर अनेक रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास बसत नव्हता, ते १९४५ मध्ये निःसंशय सिद्ध झाले. पण ही औषधाची रचना झाली, विकराची नव्हे. विकराची पहिली त्रिमितीय रचना १९६५ मध्ये लंडनला डेव्हिड फिलिप्सच्या गटाने सोडवली. ते विकर होते लायसोझाइम, जीवाणूची भिंत कातरणारे, आणि त्याचा शोधही फ्लेमिंगचाच. त्याच वर्षी टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी मांडले की पेनिसिलिन हे भिंतीच्या साखळीच्या टोकाला असलेल्या दोन डी-अ‍ॅलॅनिनची नक्कल करते. भारताचा वाटाही इथे मोठा आहे. मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रथिनाच्या साखळीला कुठे वळता येते आणि कुठे येत नाही याचा आलेख काढला. आजही नवी रचना प्रसिद्ध करताना ती त्या आलेखावर तपासून घेतात.

महाराष्ट्रात त्या काळात दुसरीच वाट चालू होती. पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन बनू लागले. तिथल्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या जीवाणूंमधून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषधही शोधले. मातीचे नमुने गोळा करायचे, सूक्ष्मजीव वाढवायचे, कोण कोणाला मारतो ते बघायचे, ही त्या पिढीची रीत होती. आज आपण वापरतो त्या प्रतिजैविकांपैकी बहुतेकांची मुळे या रीतीत आहेत. रचनेवरून औषध घडवणाऱ्यांनी तिला मागासलेली समजू नये. त्याचे कारण पुढे येईलच.

रचनेने जे पहिले मोठे दान दिले ते स्पष्टीकरणाचे, आणि त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण ट्रायमेथोप्रिम. हे औषध हिचिंग्ज आणि एलियन यांच्या चमूने रसायनशास्त्राच्या जोरावर शोधले. ते डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या विकराला अडवते. अडचण अशी की हे विकर माणसाकडेही आहे, आणि तिथेही तेच काम करते. तरीही ट्रायमेथोप्रिम जीवाणूच्या विकराला माणसाच्या विकरापेक्षा हजारो पटींनी घट्ट धरते. का? १९७७ मध्ये ई. कोलायच्या या विकराची मेथोट्रेक्सेटसह रचना प्रसिद्ध झाली, पुढे पृष्ठवंशी प्राण्यांच्या विकराशी तुलना झाली, आणि उत्तर दिसू लागले. दोन्ही खोबणी एकाच साच्याच्या, पण त्यांची रुंदी आणि आतल्या बाजूच्या काही अमिनो आम्लांची ठेवण किंचित वेगळी. अँगस्ट्रॉमभराच्या फरकाने औषध आणि विष वेगळे होतात. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. ही गोष्ट विद्यार्थ्याने एकदा पडद्यावर स्वतः फिरवून पाहिली की त्याच्या मनातला ‘निवडकपणा’ पाठ्यपुस्तकातली व्याख्या राहत नाही.

पण त्याच खोबणीने दुसरा धडाही दिला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूत त्या विकराच्या ९८ व्या जागी फेनिलअ‍ॅलॅनिनऐवजी टायरोसिन आले की ट्रायमेथोप्रिमची पकड सुटते. या दोन अमिनो आम्लांत फरक एका ऑक्सिजन अणूचा आणि त्याला जोडलेल्या हायड्रोजनचा. औषध ज्या वेगळेपणावर विसंबले होते, तोच बदलून जीवाणू निसटला. हे योगायोगाने घडत नाही. क्विनोलोन औषधांत तर ते अधिक उघडपणे दिसते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे रेणू डीएनए गायरेज या विकरावर बसतात. रेणू आणि विकर यांच्यात एक मॅग्नेशियमचा आयन असतो, त्याभोवती पाण्याचे रेणू असतात, आणि त्या पाण्याला विकराचे एक सेरिन आणि चार जागा पुढचे एक आम्लधर्मी अमिनो आम्ल धरून ठेवतात. पाण्याचा आणि धातूचा हा छोटा पूल माणसाच्या टोपोआयसोमरेजमध्ये बांधलाच जात नाही, कारण तिथे ती दोन अमिनो आम्ले नाहीत. म्हणून औषध निवडक. आणि प्रतिरोधी जीवाणूंत बदल कुठे सापडतात? बहुतेक वेळा त्याच सेरिनवर किंवा त्याच आम्लधर्मी अमिनो आम्लावर. जिथे निवडकपणा आहे तिथेच निसटायची वाट आहे. या शास्त्रात काम करणाऱ्याने ही एक गोष्ट जन्मभर डोळ्यांसमोर ठेवावी, असे मला फार वाटते.

यावर उपाय म्हणून जे प्रयत्न झाले त्यांतूनच आजच्या वेगवेगळ्या परंपरा निघाल्या. एक परंपरा म्हणते, जीवाणूला बदलताच येणार नाही अशा भागाला धरा : साखळीचा कणा, किंवा ज्याच्यावाचून मूळ क्रिया होणारच नाही ती अमिनो आम्ले. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या जेपोटिडासिनच्या कुळातल्या एका रेणूची गायरेजसह रचना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. हे कूळ क्विनोलोनपेक्षा वेगळ्या जागी बसते, आणि त्यातले जेपोटिडासिन २०२५ मध्ये अमेरिकेत मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी मंजूर झाले. रचनेपासून औषधाच्या दुकानापर्यंत पंधरा वर्षे, हा काळ ध्यानात ठेवावा. दुसरी परंपरा लहान तुकड्यांची. अगदी छोटे रेणू स्फटिकात भिजवायचे, कोणता कुठे चिकटतो ते पाहायचे आणि मग त्यांना जोडत वाढवत न्यायचे. तिसरी संगणकाची. लाखो रेणू आभासी खोबणीत बसवून पाहणारी ही डॉकिंगची परंपरा आपल्याकडे सर्वाधिक लोकप्रिय आहे आणि तिच्याबद्दल मला पुढे स्वतंत्रपणे बोलायचे आहे. चौथी परंपरा जुन्या औषधाचे रक्षण करणाऱ्यांची. पेनिसिलिन फोडणाऱ्या विकरालाच अडवले तर पेनिसिलिन पुन्हा चालेल, हा तिचा विचार. १९७० च्या दशकात बीचमच्या शास्त्रज्ञांना क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मिळाले आणि त्यातून ऑगमेंटिन आले. आपल्या घरांत ते नाव सर्दी-तापाइतके परिचयाचे झाले आहे, ज्याची खरे तर काळजी वाटायला हवी. याच परंपरेत २०१५ मध्ये अव्हिबॅक्टम आले, २०१७ मध्ये बोरॉनचा अणू असलेले व्हॅबोरबॅक्टम आले. चेन्नईच्या ऑर्किडमध्ये शोधले गेलेले एनमेटाझोबॅक्टम सेफेपिमच्या जोडीने २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

एनडीएमपुढे मात्र यांतल्या बहुतेकांनी हात टेकले. ही औषधे ज्या विकरांना अडवतात त्यांच्या खोबणीत एक सेरिन असते आणि रोधक त्याला जाऊन चिकटतो. एनडीएमच्या खोबणीत सेरिनचे काम नाहीच. तिथे जस्ताचे दोन आयन आणि त्यांच्यामधला पाण्याचा एक भाग हे काम करतात. खोबण उथळ आणि मोकळी, पकडायला जागा कमी. जस्तालाच पकडावे म्हटले तर माणसाच्या शरीरात जस्तावर चालणारी विकरे कितीतरी आहेत, त्यांनाही धक्का लागतो. निवडकपणाचा प्रश्न इथे सर्वांत कठीण होऊन उभा राहतो.

चिकलठाण्यातल्या कामाचे मोल इथे कळते. झिडेबॅक्टम हा रेणू अव्हिबॅक्टमच्या कुळातला, डायअ‍ॅझाबायसायक्लोऑक्टेन या गाभ्याचा. अव्हिबॅक्टमला जिथे छोटी अमाइडची शाखा आहे तिथे झिडेबॅक्टमला हायड्रॅझाइडची लांब शाखा आणि तिच्या टोकाला पायपेरिडिनचे वलय आहे. या बदलामुळे त्याची पकड भिंत बांधणाऱ्या एका विकरावर, पेनिसिलिन-बाइंडिंग प्रोटीन-२ वर, म्हणजे पीबीपी-२ वर, घट्ट बसली. ब्रायन स्प्रॅटने १९७५ मध्ये दाखवले होते की ई. कोलायमध्ये या प्रथिनांची कामे वाटलेली आहेत. पीबीपी-२ बंद पडले की दांड्यासारखा जीवाणू गोल होतो, पीबीपी-३ बंद पडले की त्याला दुभंगता येत नाही आणि तो लांबच लांब धाग्यासारखा वाढतो. सेफेपिम हे जुने औषध मुख्यतः पीबीपी-३ ला धरते. दोन्ही एकाच वेळी बंद झाली की भिंतीचे काम दोन बाजूंनी कोलमडते. एनडीएम सेफेपिम फोडत असते, हे खरे. पण झिडेबॅक्टमला ते फोडू शकत नाही. झिडेबॅक्टम एनडीएमला अडवतही नाही. पीबीपी-२ आधीच अडवलेले असताना पीबीपी-३ वर पोहोचणारे थोडे सेफेपिमही पुरेसे ठरते. म्हणजे चोराला पकडायच्या नादाला न लागता त्याला लुटताच येणार नाही असा माल आणला गेला. क्लीव्हलँडच्या गटाने २०२१ मध्ये स्यूडोमोनासच्या पीबीपी-२ मध्ये बसलेल्या या कुळातल्या रेणूंच्या रचना प्रसिद्ध केल्या आणि ती घट्ट पकड नेमकी कशी आहे ते अणूंच्या पातळीवर दिसले.

सेफेपिम-झिडेबॅक्टमची मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गावर मेरोपेनेमशी तुलना करणारी आंतरराष्ट्रीय चाचणी पाचशेहून अधिक रुग्णांवर झाली आणि २०२५ मध्ये अमेरिकी नियामकाकडे अर्ज गेला. त्याआधीच, दुसरा उपाय उरला नाही अशा रुग्णांना हे औषध विशेष परवानगीने देण्यात आले होते. पुण्याच्या डॉ. राजीव सोमण आणि सहकाऱ्यांनी कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत पोहोचलेल्या एनडीएम-धारी स्यूडोमोनासच्या संसर्गावर त्याने मिळालेले यश नोंदवले आहे. याच प्रयोगशाळेचे लिव्होनॅडिफ्लॉक्सासिन, जे गायरेजवर काम करते, त्याला भारतात २०२० च्या जानेवारीत परवानगी मिळाली. त्वचेच्या संसर्गासाठी आणि मधुमेही पायासाठी ते वापरतात. नॅफिथ्रोमायसिन हे तिसरे, पण ते रायबोसोमवर बसते. त्यामुळे आमच्या विषयाच्या काठावरचे आहे आणि त्यावर संग्रहात लेख नाही.

आता अपयशाबद्दल, कारण ते दडवून या शास्त्राची ओळख करून देणे विद्यार्थ्यांना फसवण्यासारखे होईल. १९९५ मध्ये पहिल्या जीवाणूचा संपूर्ण जीनोम वाचला गेला. कोणते विकर अत्यावश्यक आहे, माणसात त्याचे भावंड आहे की नाही, हे यादी करून सांगता येऊ लागले. नवी प्रतिजैविके आता रांगेने येतील असे सगळ्यांना वाटले. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने १९९५ ते २००१ या काळात सुमारे सत्तर चाळण्या घेतल्या, प्रत्येकीत लाखो रेणू. हाती लागले पाच उपयोगी रेणू. ही आकडेवारी त्यांच्याच शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रांजळपणे प्रसिद्ध केली. तो निबंध प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने वाचावा. विकराला अडवणारे रेणू त्यांना मिळाले होतेच, पण ते जीवाणूच्या आत पोहोचत नव्हते.

ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास यांसारख्या ग्रॅम-ऋण जीवाणूंना दुहेरी आवरण असते. आमच्या भागातल्या वाचकाला देवगिरीचा किल्ला आठवला तर चित्र लगेच लक्षात येईल. बाहेरचा तट ओलांडला तरी खंदक आहे, खंदक पार केला तरी वर जायचा मार्ग अंधारीतूनच. जीवाणूच्या बाहेरच्या आवरणात पोरिन नावाची अरुंद दारे असतात. त्यांतून मोठा, तेलकट रेणू जात नाही. गेलाच, तर आतले पंप त्याला बाहेर फेकतात. चाचणीच्या नळीत शुद्ध विकर असते. तिथे ना तट, ना खंदक. म्हणून नळीत उत्तम ठरलेला रेणू जिवंत जीवाणूपुढे निष्प्रभ होतो. अमेरिकेतल्या हर्गेनरोदर यांच्या गटाने २०१७ मध्ये काही नियम मांडले : रेणूवर मोकळे अमाइन हवे, तो चपटा हवा, कडक हवा. मग त्यांनी मेदाम्ल बनवणाऱ्या फॅब-आय या विकराच्या एका रोधकाला अमाइन जोडून तो ग्रॅम-ऋण जीवाणूंतही शिरवून दाखवला. मातीतून औषध शोधणाऱ्या पिढीला हा अडथळा कधी जाणवला नाही. ते अख्ख्या जीवाणूवरच चाचणी घेत होते, त्यामुळे जे शिरत नाही ते त्यांना मुळात दिसतच नसे. क्षयरोगावरचे बेडाक्विलिनही असेच, जिवंत मायकोबॅक्टेरियमवर चाळणी लावून मिळालेले. त्याने धरलेल्या एटीपी सिंथेजची रचना नंतर आली. माझे मत असे की रचना ही या कामातली दुसरी पायरी असावी. आधी शिरणारा रेणू हवा, मग त्याचा नेम पक्का करायला रचना. हे मत संग्रहातल्या सगळ्या लेखकांना मान्य नाही. त्यांची बाजूही त्यांनी जोरकसपणे मांडली आहे.

आता डॉकिंगकडे. प्रथिनांच्या रचनांचे जागतिक भांडार, प्रोटीन डेटा बँक, १९७१ मध्ये सात रचनांनिशी सुरू झाले. आज तिथे दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि सगळ्या मोफत. ऑटोडॉकसारखी साधनेही मोफत. त्यामुळे परभणी किंवा बीडच्या महाविद्यालयात साध्या संगणकावर बसून विद्यार्थी विकराची रचना उतरवून घेतो, आपल्या मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत बनलेले रेणू तिच्यात बसवतो आणि उणे नऊ, उणे दहा असे आकडे प्रबंधात मांडतो. ही लोकशाही मला मनापासून आवडते. तीस वर्षांपूर्वी हे स्वप्नातही नव्हते. पण या कामात एक सवय रूढ झाली आहे : पहिल्याच पायरीला रचनेतले सगळे पाणी आणि सगळे आयन पुसून टाकायचे. गायरेजची गोष्ट वर सांगितली. तिथे औषधाला धरून ठेवणारा पूलच पाण्याचा आणि मॅग्नेशियमचा आहे. तो पुसल्यावर विद्यार्थी ज्याचे गणित करतो ते गायरेज उरतच नाही. एनडीएममधून जस्त पुसले तर तिथे विकरच शिल्लक राहत नाही. शिवाय रचना किती स्पष्ट आहे, दीड अँगस्ट्रॉमची की साडेतीनची, एखादी शाखा खरोखर दिसली आहे की अंदाजाने बसवली आहे, हे कोणी पाहत नाही. विद्यार्थ्यांचा यात दोष नाही, त्यांना कोणी शिकवलेच नाही. या संग्रहाचा सर्वांत मोठा भाग आम्ही रचना कशी वाचावी याला दिला आहे, तो यासाठीच.

आल्फाफोल्डने २०२१ पासून हा प्रश्न आणखी तातडीचा केला. जवळजवळ कुठल्याही प्रथिनाचा आकार आता भाकिताने मिळतो, आणि या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तेही रास्तच. तरी भाकीत केलेली खोबण बऱ्याचदा रिकामी, मिटलेली किंवा धातूविना असते. मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या, म्हणजे एमआरएसएच्या, पीबीपी-२ए ची रचना २००२ मध्ये सोडवली गेली तेव्हा तिची सक्रिय जागा बंद दिसली. पुढे उमगले की दूर दुसऱ्या ठिकाणी काही बसले की ती उघडते. अशा हालचाली स्थिर चित्रात दिसत नाहीत.

अर्थकारणावर एक लेख आहे, आणि तो वाचून मन खिन्न होते. अकेओजेन या अमेरिकी कंपनीचे प्लाझोमायसिन २०१८ मध्ये मंजूर झाले आणि २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. नवे प्रतिजैविक जपून, कमीत कमी वापरायचे असते. मग ते बनवणाऱ्याने जगायचे कसे? याचे उत्तर रचनाशास्त्राकडे नाही. शासनाकडे, रुग्णालयांकडे आणि औषधाच्या पट्टीवरची लाल रेघ बघूनही चिठ्ठीशिवाय गोळ्या देणाऱ्या-घेणाऱ्या आपल्या सगळ्यांकडे आहे.

संग्रह कोणासाठी, हे सांगायला हवे. पदवीच्या शेवटच्या वर्षातले फार्मसी, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवरसायनशास्त्राचे विद्यार्थी मनात धरून लेख लिहून घेतले आहेत. कल्चरचा रिपोर्ट रोज हातात घेणाऱ्या डॉक्टरांनी पहिले काही लेख ओलांडून थेट बीटा-लॅक्टमेजच्या भागाला यावे. विषाणू, बुरशी आणि जीवाणूभक्षी फाज यांना आम्ही हात लावलेला नाही. क्षयरोगाला मात्र स्वतंत्र भाग दिला आहे. आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात असूनही त्याचे लक्ष्य, इन्ह-ए हे विकर, १९९४ मध्ये कळले, आणि लक्ष्य माहीत नसताना औषध काम करते तेव्हा प्रतिरोधाचा अर्थ लावणे किती कठीण जाते, हे त्या भागात सविस्तर आले आहे. प्रत्येक आकृतीखाली प्रोटीन डेटा बँकेतला त्या रचनेचा क्रमांक दिला आहे. लेख वाचताना ती रचना संगणकावर उघडून ठेवावी, पाणी आणि आयन दिसत राहतील असे पाहावे, आणि लेखकाने जे अंतर किंवा जो बंध सांगितला आहे तो स्वतः मोजून बघावा. आकडा जुळला नाही तर कळवावे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू.